ताईच्या गाण्यातलं हमिंग

साउंडवाले त्याला हमिंग म्हणतात. बेस गिटार अँप्लिफायरला, म्हणजे अँपला, जोडली, बटण दाबलं, आणि एकही तार न छेडता आतून घुंऽऽ असा जाड आवाज येत राहिला, की समजायचं काहीतरी बिनसलंय. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवताना मी त्याची कधी फिकीर केली नाही. तिथल्या गोंगाटात तो कुणाला ऐकू येणार? पण त्या उन्हाळ्यात आंजीला, ताईच्या घरी, त्याने माझा जीव टांगणीला लावला होता.

ताई माझी थोरली बहीण. गावच्या विहारात कुठलाही कार्यक्रम असो, तिच्या गाण्याशिवाय तो सुरू होत नाही. तिच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. आवाजाची नस गाठीला लागून आहे, बहुतेकांना काही होत नाही, क्वचित कुणाचा आवाज बदलतो, असंही ते प्रामाणिकपणे म्हणाले. 'बहुतेकांना काही होत नाही' हे आम्ही ऐकलं. ताईने फक्त शेवटचं ऐकलं. मग तिने एक तारीख पाहुण्यांच्या नावाखाली घालवली आणि दुसऱ्या तारखेला दवाखान्याच्या फाटकातूनच परत फिरली. इकडे घास अडकायला लागला होता. उताणं झोपलं की दम कोंडायचा. भाऊजींनी समजावलं, मी हात जोडले, भांडलो, काही उपयोग झाला नाही.

शेवटी तिनेच अट घातली. "आईचं गाणं रेकार्ड करून दे मले. चांगलं, मोबाइलवरचं नाई. मंग तू म्हणशील तिथं येते."

आई गेल्यावर तिने स्वतः रचलेलं ते गाणं. पेटी नको, ढोलकी नको, फक्त माझी बेस. लहानपणापासून मी शेजारी काहीतरी वाजवत बसलो की तिला धीर येतो, असं ती म्हणते. मला मात्र रेकॉर्डिंगच्या दिवशी स्वतःलाच धीर नव्हता. संध्याकाळपर्यंत तिला भरती करायचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. गाणं झालं नाही तर ती जाणार नाही, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट दिसत होतं.

सकाळीच वर्ध्याहून अँप, लॅपटॉप, माईक असं सगळं बिऱ्हाड ऑटोत घालून आंजीला पोचलो. समोरच्या खोलीत मांडामांड केली, ताईला हेडफोन दिला, अँप चालू केला. घुंऽऽ.

आधी केबल बदलली. नंतर गिटार हातात धरून खोलीभर फिरलो, कधी दाराकडे तोंड, कधी भिंतीकडे, कारण दिशा बदलली की कधीकधी हा आवाज कमी होतो. भाऊजी एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. ते सोफ्यावर बसून माझ्याकडे असे बघत होते, जणू माझ्या अंगात आलंय. ट्यूबलाइट घालवली. फ्रिज बंद केला. कूलर बंद करायला लावला तेव्हा मात्र त्यांचा संयम सुटला.

"अबे, या उन्हात कूलर बंद? गाणं व्हाच्या आधी आमीच जाऊ न!"

कूलर थांबला, घाम सुटला, आवाज तसाच. ताईला म्हटलं, एकदा गाऊन बघ, गाण्याखाली दबतो का पाहू. तिने गायला घेतलं आणि माझ्या अंगावर काटा आला. इतकी सुरात होती ती! पण दोन ओळींच्या मधली जागा आली की खालून घुंऽऽ वर यायचं. मी हात वर करून तिला थांबवलं. आणखी काहीतरी बदललं, पुन्हा गायला लावलं, पुन्हा थांबवलं. दर वेळी तिचा हात गळ्याकडे जायचा. गळा आजच थकला तर? हा आवाज उद्यानंतर असेल-नसेल आणि मी तो चाचणीत उधळून टाकतोय! राग नेमका कुणावर काढावा ते कळेना, म्हणून तो मी एक्स्टेन्शन बोर्डावर काढला.

"काऊन चिडून राह्यला बाबू?" ताई म्हणाली. "राहू दे मंग. नाई होत तं नाई होत."

तिच्या आवाजात सुटकेची छटा होती. ती मला चांगलीच टोचली.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली होती. तारांना हात लावला की घुंऽऽ थोडं बसायचं, हात काढला की उठायचं. भाऊजींचा टेस्टर मागून घेतला आणि गिटारच्या तारेला टेकवला. आतला दिवा मिणमिणला. म्हणजे घराला अर्थिंगच मिळत नव्हतं.

"अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, भाऊजी?"

"मांगं. बांधला तेव्हाच मीठ-कोळसा टाकून पक्का केला. त्याले काई होत नाई."

मागे जाऊन पाहिलं तर खड्डा कोरडा ठणठणीत, कडेची माती भेगाळलेली. अशा कोरड्या मातीतून वीज जमिनीत उतरतच नाही. भाऊजी शेजारी येऊन उभे राहिले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. दरवर्षी कूलर मागच्या खिडकीला असतो. त्याचं गळणारं पाणी उन्हाळाभर याच खड्ड्यात मुरतं. या वर्षी ताईला रात्री दम लागतो म्हणून तिची खाट समोरच्या खोलीत आणली आणि तिच्यामागोमाग कूलरही पुढे आला. खड्ड्याला पाणी पाजायचं असतं हे कुणाच्या गावीच नव्हतं, कारण आजवर ते काम कूलरच करत होता.

एरवी नळाचं पाणी जपून वापरणारे भाऊजी त्या दिवशी बादल्या भरभरून ओतू लागले. माती चुरचुरत पाणी पीत होती. दुपार उलटली होती. मी आत येऊन अँपजवळ उकिडवा बसलो आणि घुंऽऽ मंद होत होत विझलं. खोली एकदम रिकामी वाटली. मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

"चाल ताई, आता सलग."

तिने डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि पहिलाच स्वर घसरला. ती थांबली, खाकरली, पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या ओळीपर्यंत सूर खाली आला, तिसरीत भलतीकडेच गेला. विहारात भर गर्दीत जिचा सूर कधी केसभर हलला नाही, ती चाचपडत होती. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"गेला रे माहा आवाज. कापाच्या आधीच गेला." मग भिंतीकडे बघत म्हणाली, "मी नाई जात आता. कायले जाऊ?"

भाऊजी बादली घेऊन दारात तसेच उभे. आपणच तिला गाऊन गाऊन थकवलं, या विचाराने मला रडू यायचं बाकी होतं. खरंच आवाज गेला का, हे बघायला मी सकाळचे अर्धवट तुकडे लावले. पहिल्या तुकड्यात सूर चोख होता. शेवटच्या, अगदी खड्ड्याला पाणी घालण्याआधीच्या तुकड्यातही चोख. थकलेला गळा असा अचानक, तेही मध्ये विश्रांती मिळाल्यावर, बिघडत नाही. मधल्या वेळात बदललं होतं फक्त एक.

मी तो तुकडा पुन्हा लावला आणि या खेपेला तिच्याऐवजी खालचं घुंऽऽ ऐकलं. ताईचा सा नेमका त्याच्यावर बसलेला होता. विहारातला तो जुना अँप्लिफायर आठवला. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीपासून तो असाच घुमत असतो, आणि त्याच्यासमोर उभी राहून ताई उभा जन्म गात आलीय. पेटीवाले कुरकुरतात की बाईंचा सूर दोन पट्ट्यांच्या मधात पडतो. विजेचं घुंऽऽ विहारात काय नि घरात काय, एकाच सुरात असतं. तिला कुणी सूर दिलाच नव्हता. तिने तो विजेकडून घेतला होता, आणि तिला ते माहीतही नव्हतं.

समजावून सांगत बसलो नाही. सांगितलं असतं तर माझाच विश्वास डळमळला असता. सकाळच्या रेकॉर्डिंगमधली दोन ओळींमधली ती घुंऽऽची जागा कापली, जोडून जोडून लांब केली, आणि फक्त तिच्या हेडफोनात सोडली. बेसच्या तारा किंचित चढवून त्या सुरावर आणल्या. बोटं इतकी ओली होती की खुंट्या निसटत होत्या.

"एकदाच," मी म्हटलं. "मंग नाई म्हणणार मी तुले."

तिने नाराजीनेच हेडफोन चढवला. क्षणभर ऐकत राहिली. तिच्या कपाळावरची आठी सैल झालेली मला दिसली, आणि मी पहिली तार छेडायच्या आतच तिने सा धरला.

गाणं सलग झालं. आईवरचं शेवटचं कडवं आलं तेव्हा तिचा आवाज जरासा भरून आला, पण हलला नाही. मी रडत वाजवत होतो. शेवटचा स्वर पूर्ण विरेपर्यंत कुणीही हललं नाही.

"आला का रे?"

"आला, ताई."

"आयकू दे."

तिने अख्खं गाणं ऐकलं, खालच्या घुंऽऽशिवाय, निव्वळ स्वतःला. मग लॅपटॉपच्या झाकणावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि उठली.

"माहा आवाज राह्यला आता इथं," ती म्हणाली. "चाल, मले घेऊन चाल."