विकली गेलेली घुंगुरमाळ

पोलादपूरकडचे ते काका महाडच्या आमच्या सायबर कॅफेत शिरताना चपला बाहेर काढायचे. पोरांना मी त्यांची नक्कल करून दाखवायचो: मान तिरकी, एक बोट कीबोर्डवर, "आला काय रे त्याचा निरोप?"

बैल मेल्यावर त्याची पितळी घुंगुरमाळ घरात बघवेना, म्हणून काकांनी ती ऑनलाइन लिलावात टाकलेली. दिल्लीच्या एकाने सगळ्यात वरची बोली लावली आणि गायब झाला. ना पैसे, ना उत्तर. काकांनी मात्र त्याच दिवशी माळ कापडात शिवून पार्सल तयार ठेवलं होतं.

वर्ष गेलं. मी म्हटलं, "काका, दुसरं गिऱ्हाईक विचारतंय. देऊन टाका."

"बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरली की सौदा झाला. तो नको म्हणेपर्यंत माळ त्याचीच हाय."

एका दुपारी ते पार्सल मांडीवर घेऊन बसले. "तू आवाज काढतोस ना रे? त्याच्या आवाजात बोल की एकदा, नको म्हणून. सुटेन तरी मी."

मी दिल्लीवाला झालो. "चाचाजी, नहीं चाहिए."

काकांनी मान हलवली. "नाय रे. हा तर तूच हायस."

पार्सल पिशवीत घालून ते चपला शोधायला लागले.