संकेतस्थळ कक्ष

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. टाळलं म्हणजे गप्प बसलो असंही नाही. वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी लेख माझ्याकडेच मागत, आणि दरवेळी मी त्यात तेच वाक्य लिहून देत असे: 'घरगुती अडचणीमुळे त्या भगिनीला हे काम पुढे चालू ठेवता आले नाही.' वाक्य शुद्ध आहे. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडणार नाही. बाकी ते खोटं आहे.

आमचं गाव देवणीच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेला लागून. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर सार्वजनिक वाचनालयाचा चिटणीस झालो. तोवर वाचनालयात आम्ही पेपर वाचणारे म्हातारे आणि उन्हाळ्यात पंख्याखाली डुलक्या काढणारे, एवढेच येत. मग अनुदानातून कॉम्प्युटर आले, इंटरनेट आलं आणि गाव आत यायला लागलं. कुणी लातूरच्या आडतीतला सोयाबीनचा भाव बघायला, कुणी भरतीचा अर्ज भरायला, कुणी पुण्याला गेलेल्या लेकाचं तोंड पडद्यावर बघायला. बायका यायला लागल्या, ही तर नवलाईच होती. हे सगळं खरंच चांगलं झालं होतं. स्मरणिकेतला तेवढा भाग खरा आहे.

सगळे म्हणाले, 'डिजिटल लायब्ररी' अशी पाटी लावा. मी म्हणालो, मराठी वाचनालयावर इंग्रजी पाटी लागणार नाही. मला कुणी 'सर' म्हटलेलंही खपत नसे, गुरुजीच म्हणायचं. वेबसाइटला मराठीत संकेतस्थळ म्हणतात, म्हणून मी 'संकेतस्थळ कक्ष' अशी पाटी रंगवून घेतली. पेंटर म्हणाला, "गुरुजी, हे कुणाला कळायचं न्हाई बघा." मी म्हणालो, "कळेल. लोकांना शिकवावं लागतं."

लातूरला अंध मुलांची एक शाळा आहे. तिथल्या बाई एकदा येऊन गेल्या. त्यांच्या मुलांसाठी क्रमिक पुस्तकं कुणीतरी वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून द्यावीत, अशी त्यांची मागणी होती. बाजारपेठेतल्या एका कापड दुकानदाराची सून पुढे आली. बारावी होताच लग्न झालेली, डोक्यावरचा पदर सारखा सावरणारी. पण वाचायला बसली की निराळीच. मी जन्मभर वर्गात वाचन घेतलं, स्वल्पविरामाला इतकं बरोबर थांबणारं माणूस ऐकलं नव्हतं. पुस्तकात आकृती आली की ती आकृतीसुद्धा शब्दांनी सांगायची. "आता तुमचा हात गळ्यावर ठेवा. इथून एक नळी खाली जाते." लातूरची मुलं आपापल्या गळ्यावर हात ठेवून ऐकत असत म्हणे.

रेकॉर्डिंगला आवाज चालत नाही. पलीकडे पिठाची गिरणी, समोर बसस्टँड. म्हणून भिंतींना वाकळा टांगल्या, पंखा बंद ठेवायचा आणि दार आतून लावून घ्यायचं. दुपारची ती त्या भट्टीत बसायची आणि घामानं निथळत बाहेर यायची. मुलं वाचनालयाच्या मोबाइलवर आवाजात निरोप पाठवायची. "ताई, तुम्ही मधीच शिंकलात, लई हसलो आम्ही." ती ते पुन्हा पुन्हा ऐकायची.

लातूरच्या बाईंनी तिला शब्द दिला होता: विज्ञानाचं पुस्तक पुरं झालं की शाळेच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत पगारावर घेते. नवरा तयार होता. सासऱ्यांना सगळं गाव अप्पा म्हणे. कपाळाला भस्म, बोलणं मऊ. ते म्हणत, "आधी पुस्तक तर होऊ दे पुरं." म्हणजे त्यांचाही होकारच होता. ती एकदा मला म्हणाली, "गुरुजी, मला पयल्यांदा कुणी माझ्या कामानं वळखायलंय." मी मान डोलावली. मला तेव्हा वाटलं, हे माझंच यश.

संध्याकाळी आम्ही निवृत्त मंडळी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला जमत असू. एका संध्याकाळी माजी ग्रामसेवक म्हणाला, "काय गुरुजी, अप्पाची सून दार लावून काय करायलीय आत?"

मुलांसाठी विज्ञान वाचते, एवढं सांगून भागलं असतं. पण त्या पाटीवरून माझी टिंगल करणारे हेच लोक होते आणि आता सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "संकेतस्थळावर गेलीय. पाटी वाचली न्हाई का? जुन्या मराठीत संकेतस्थळ म्हणजे काय, ठाऊक आहे? प्रियकर-प्रेयसीनं खुणेनं ठरवून भेटायची जागा."

"अगागागा! आन् भेटायला कोण येतंय?"

"मी कसं सांगू? दार आतून बंद असतं."

हॉटेलवाल्यासकट सगळे हसले. पाटी लागल्यापासून तो शब्द त्यांना पहिल्यांदाच कळला होता, आणि शिकवल्याचं एक समाधान मला मिळालं. हे लिहिताना लाज वाटते, पण मिळालं होतं.

विनोद हॉटेलात राहत नाही. ज्या पाटीचा अर्थ कुणाला कळत नव्हता, तिचा अर्थ आता शेंबड्या पोराला कळायला लागला. कॉलेजची पोरं वाचनालयासमोरून जाताना एकमेकांना कोपरानं ढोसत. बाजाराच्या दिवशी लुगडं बघायला आलेल्या एका बाईनं गल्ल्यावर बसलेल्या अप्पांनाच विचारलं, "सूनबाई दिसंनात? संकेतस्थळावर गेल्या काय?"

अप्पा दुकान तसंच टाकून वाचनालयात आले. मी टेबलाशी बसलो होतो. ग्रामसेवक आणि आणखी एक जण पेपर धरून बसले होते. अप्पांनी चपला बाहेर काढल्या. त्या रागातही काढल्या.

"गुरुजी, तुम्ही शिकलेले हाव. ह्या पाटीवरच्या शब्दाचा अर्थ मला सांगा."

मला सांगायचं होतं की तो विनोद माझा होता, घाण माझ्या तोंडातून निघाली, तुमच्या सुनेची त्यात नखाएवढीही चूक नाही. पण पेपरामागे दोन माणसं कान देऊन बसली होती. मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो, "शब्दाला दोन अर्थ आहेत, अप्पा."

पेपरामागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

एवढंच मी बोललो. खोटं नव्हतं. शब्दकोशात बघा, दोन अर्थ आहेत. इतकं खरं आणि इतकं नीच वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही.

अप्पांनी दार वाजवलं. ती बाहेर आली, हेडफोन गळ्यात, तोंड पदरानं पुसत. आत एक टेबल, एक माइक आणि भिंतीवरच्या वाकळा. अप्पांनी आत डोकावून बघितलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आत कुणी न्हाई, ते मलाबी दिसायलंय. पण बाजाराला कसं दावू? चल घरी."

"मामंजी, एवढा धडा..."

"चल."

तिनं हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवला. जाताना माझ्याकडे बघितलं. गुरुजी काहीतरी बोलतील, असं त्या बघण्यात होतं. मी पेनाचं टोपण लावत बसलो.

त्यानंतर ती आली नाही. येणाऱ्या दुसऱ्या बायकाही एकेक करून थांबल्या, त्यांना कुणी कारण विचारलं नाही. पाटी मी गुपचूप उतरवली आणि सगळे सांगत होते तीच 'डिजिटल लायब्ररी' लावली. लातूरची मुलं निरोप पाठवत राहिली. एकाचा अजून कानात आहे: "ताई, परीक्षा जवळ आली. आमचं अन्न जठरातच अडकून पडलंय, पुढं सरकंना. लवकर या." मागे बाकीची पोरं खिदळत होती. पचनाचा तो धडा तिनं निम्मा वाचला होता. मी तो निरोप तिच्यापर्यंत पोचवला नाही. शाळेच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, घरगुती अडचण आहे. ते वाक्य तिथंच जन्मलं.

पुढे त्या कॉम्प्युटरांवर झाकणं पडली आणि खोलीत समितीच्या बैठका होऊ लागल्या. मला मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावून शाल-श्रीफळ दिलं. ग्रामीण भागात तंत्रज्ञान नेणारे गुरुजी. सूत्रसंचालकानं अंध मुलांची गोष्ट सांगितली, टाळ्या झाल्या, काही लोकांनी डोळे पुसले. वाचणारीचं नाव त्यानं घेतलं नाही, कारण मी दिलेल्या माहितीत ते नव्हतं. मी खाली बघत बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

आता मी नांदेडला मुलाकडे असतो. मागच्या वर्षी मोतीबिंदू दाखवायला दवाखान्यात गेलो होतो. डोळ्यांत थेंब टाकून बाकावर बसवलं होतं, समोर सगळं पांढुरकं. कुणीतरी वाकून पायाला हात लावला.

"गुरुजी, वळखलं का?"

आवाजावरूनच ओळखलं.

"अप्पांना घेऊन आले. कालच ऑपरेशन झालं डोळ्याचं. बघा, हे काय बसलेत."

पलीकडून अप्पांचा आवाज आला, पूर्वीसारखाच मऊ. "शरणार्थ गुरुजी. वाचनालय चालू हाय ना?"

"आहे, आहे."

"तुम्ही लई केलं बघा गावासाठी."

टोमणा असता तर मी धन्य झालो असतो. टोमणा नव्हता. तो विनोद कुणाचा, हे त्यांना अजूनही ठाऊक नव्हतं. मी तिला विचारलं, "वाचतेस का काही?"

"आता कुठलं, गुरुजी. दुकानात बसते. पोरीचा अभ्यास घेते, तेवढंच." मग म्हणाली, "ती लातूरची पोरं पास झाली का हो? लई दिवस मनात होतं, विचारावं म्हणून."

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. ती वाट बघत उभी होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि खरं तर असा मोका पुन्हा मिळणार नव्हता. तुझ्यावर आळ आला तो माझ्यामुळे, पोरी, मला माफ कर. एवढंच. हे वाक्य मी घरी, रिक्षात, अंथरुणावर पडल्या पडल्या किती वेळा जुळवून ठेवलं होतं. मी तोंड उघडलं. आतून नर्सनं हाक मारली, "आजोबा, चला." मी उठलो, चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "झाली, सगळी पास झाली. सुखी राहा."