सुकलेल्या बॉडीची साथ

आता ही फजिती मीच सांगून टाकतो. रेवतीताईंच्या तोंडून ऐकलीत तर तिखटमीठ जास्त पडेल.

रेवतीताई समाजशास्त्राच्या प्राध्यापक, मूळच्या वडसाच्या. मी संगणकवाला, सांगलीचा. आम्ही दोघांनी मिळून संशोधनाची नवी पद्धत काढायची ठरवली होती. ताईंच्याच मुलखात, चामोर्शीजवळच्या एका गावात मासेमारी करणाऱ्या बायकांशी त्यांनी बोलायचं, रेकॉर्डिंग आणायचं. माझ्या मशीनने ते लिहून काढायचं आणि गावाचं दुखणं शोधायचं. ताई म्हणाल्या, एकदा कानांनी ऐकून तर घ्या. मी हसलो. ऐकायचंच असेल तर मशीन कशाला?

मशीनचा निकाल आला आणि मला घाम फुटला. बाई कुठलीही असो, तक्रार एकच. बॉडी सुकली. बॉडीत पाणी नाही. बॉडीत गाळ साचला. आणि एकीची तर बॉडी मागच्या वर्षी फुटली होती!

एप्रिलचं ऊन. तुम्ही तरी काय समजला असता? ताई गोंडपिपरीकडे गेलेल्या, त्यांचा फोन लागेना. मी सरळ तालुक्याला कळवलं, गावात साथ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात रुग्णवाहिका, डॉक्टर, सलाईनच्या बाटल्या. साथ म्हटल्यावर पंचायत समितीचे मोठे साहेबही आले. सगळ्यांच्या पुढे मी, हातात छापील निकाल. डॉक्टरांनी बायकांच्या गटाच्या प्रमुख शेवंताबाईंची नाडी पाहिली, जीभ पाहिली. बाई ठणठणीत. मग मी त्यांचंच वाक्य खड्या आवाजात वाचलं, "आमची बॉडी सुकून राह्यली."

शेवंताबाईंनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बॉडी नाई जी, बोडी," त्या शांतपणे म्हणाल्या. "मासोळीची बोडी. चाला, दाखवतो."

बोडी म्हणजे तिकडे लहान तलाव. गाळ काढा म्हणून बायकांनी अर्जावर अर्ज केले होते, पण कोणी फिरकलं नव्हतं. आणि आता अख्खं कार्यालय त्या भेगाळलेल्या बोडीत उभं होतं, सलाईनसकट. साहेबांना पळायला जागाच उरली नाही. त्यांनी तिथल्या तिथे मोजणी करायला लावली. पावसाआधी गाळ निघाला, फुटलेली पाळ बांधली, आणि बोडी भरल्यावर बायकांनी वाजतगाजत माशांची पिल्लं सोडली.

आमची पद्धतही तिथेच सापडली. मशीनने लिहिलेलं आधी बायकांना वाचून दाखवायचं. त्या चुका काढणार, मी मुकाट दुरुस्त करणार, मग निकाल. आता दुसऱ्या विद्यापीठांतली माणसं ती शिकायला येतात.

पहिलं जाळं भरून निघालं त्या दिवशी गावजेवण झालं. मी आठवडाभर पाठ केलेलं भाषण तिकडच्या अस्सल झाडी बोलीत ठोकलं. टाळ्या पडल्या. छाती फुगवून खाली बसतो तोच शेवंताबाई ताईंकडे वाकल्या.

"साहेब मस्त बोलले जी. पण सिरोंच्याकडचे हायेत का? आमाले तेलगू समजत नाई."