अखंड मज्जारज्जू

नागपूरची राजधानी गेली आणि तिच्यामागोमाग आम्हीही गेलो. राज्यांची नवी वाटणी झाली, नोकरांच्या याद्या निघाल्या आणि माझं नाव भोपाळच्या यादीत आलं. काम तेच, मेडिकल कॉलेजात मृतदेह आणि नमुने सांभाळण्याचं. शिक्षण माझं सातवीपर्यंत. पण मृतदेहाला हात लावण्याआधी हात जोडायचे आणि लावल्यावर ते थरथरू द्यायचे नाहीत, एवढं मला येत होतं. नेमणूक कच्ची होती. ती पक्की झाली की बायको-मुलांना आणायचं, तोवर त्यांनी नागपूरच्या खोलीतच राहायचं, असं ठरलं होतं.

भोपाळचं कॉलेज नवं कोरं. संग्रहालय म्हणायचं ते एक कपाट, त्यात चार बरण्या. महिनाअखेर तपासणीची मंडळी येणार होती. आमचे विभागप्रमुख इंदूरचे मराठी गृहस्थ, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "मेंदू आणि मज्जारज्जू एकसंध काढलेला नमुना हवा." स्टोअरकीपर शेजारीच होता. हसून म्हणाला, "साहब, ये नागपूरवाले सिर्फ बातें करते हैं." झालं, माझं डोकं फिरलं. "मी काढतो," म्हणालो, "आणि अखंड काढतो." साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "काढा. जमलं तर तुमच्या पक्क्या नेमणुकीचं मीच लिहितो."

खरं सांगतो, मी तो कधी काढला नव्हता. नागपुरात मेंदू मानेशी कापूनच बाहेर यायचा. रज्जूचे मी तुकडेच तेवढे पाहिले होते. पण शब्द तोंडातून गेला होता.

कवटी करवतीने कापली. मग देह पालथा करून मणक्यांच्या मागच्या कमानी छिन्नीने एकेक करून उचलायला लागलो. देह टिकवायचं फॉर्मलिन डोळ्यांना झोंबायचं. मेंदू त्या पाण्यात मुरून खरवसासारखा घट्ट झाला होता. वरचे दोन मोठे अर्धे भाग, माणसाचा विचार, आठवण, इच्छा सगळं तिथलं. मागे खाली लहान मेंदू, तो चालताना तोल सांभाळतो. त्याच्या पुढ्यात देठ, जो आपल्याला न विचारता श्वास चालू ठेवतो. हुकूम नेणारे बहुतेक तंतू या देठातच बाजू बदलतात, म्हणून डावा मेंदू उजवा हात हलवतो. आणि देठाखाली करंगळीएवढा जाड रज्जू. हे सगळं ऐकून माहीत होतं. हातात आलं तेव्हा छाती भरून आली.

नवव्या दिवशी कमरेपाशी पोचलो आणि छिन्नी जराशी निसटली. हाडाचा तुकडा उचलून पाहतो तर काय, रज्जू निमुळता होत संपलेला. खाली अजून कितीतरी मणके बाकी, आणि त्यांत नुसते धागेच धागे. मला वाटायचं, कणा जिथवर तिथवर रज्जू. म्हणजे मी तो तोडला होता. नऊ दिवसांचं मातेरं झालं होतं.

तिथेच स्टुलावर बसून बायकोला कार्ड लिहिलं: खोली सोडू नको, माझं इथलं काही खरं नाही. स्टोअरकीपर डोकावला. त्याला बिचाऱ्याला माझी दया आली असावी. "धागे से बाँध दो, भैया. बोतल में कौन देखेगा?" खोटं कशाला बोलू, दोऱ्याच्या रिळाकडे माझा हात गेला होता. पण मग स्वतःचाच राग आला. या माणसाने आपला अख्खा देह दिला, पोरं त्यावर शिकणार, आणि मी त्यात गाठ मारून ठेवू? तडक उठलो आणि साहेबांना बोलावून आणलं.

"साहेब, माझ्या हातून तुटला."

ते वाकले. चिमट्याने एकेक धागा उचलून पाहिला.

"अहो, तुटला कुठे? मोठ्या माणसाचा रज्जू इथेच संपतो, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी. खालचे हे धागे पायांकडे आणि ओटीपोटाकडे जाणाऱ्या नसांचे. घोड्याचं शेपूट म्हणतात याला. यातला एकही तुम्ही तोडलेला नाही." मग त्यांचं लक्ष रिळाकडे गेलं. "बांधला असतात तर मात्र नमुना वाया गेला असता, आणि तुम्हीही."

मी ते कार्ड फाडलं आणि नवं लिहिलं: सामान बांध.

उंच बरणीत तो नमुना उभा राहिला, मेंदूपासून शेपटीपर्यंत. तपासणीवाल्यांनी विचारलं, "किसने निकाला?" साहेबांनी मला पुढे केलं. पुढे नोकरी संपेपर्यंत नव्या मुलांना तो नमुना मीच दाखवायचो. डॉक्टर होणारी पोरं सातवी शिकलेल्या माणसाचं ऐकत उभी राहायची, याचा मला गर्व होता आणि आजही आहे. दरवर्षी कमरेपाशी बोट ठेवून मी पहिलं वाक्य तेच सांगायचो: "हा इथेच संपतो. मी तोडलेला नाही."