धरलेला घोटा

अक्षर वेडेवाकडे आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकले असेल, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. चौथीनंतर शाळा सुटली. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते. महिन्यामागे आमचे मालक, आप्पा, लोणी भापकरच्या डेअरीवर दूध घालायला गेले आणि रांगेतच कोसळले. निरोप घेऊन आलेला माणूस दारातच उभा राहिला, आत येईना... तेव्हाच मला कळले.

कबड्डी खेळून पैसे मिळतात हे त्या काळी कुणाला खरे वाटत नसे. आप्पांना मात्र लांबलांबचे संघ ठरवून न्यायचे. कोपऱ्यात उभे राहून ते चढाईला आलेल्याचा घोटा धरायचे. धरलेला घोटा सुटत नाही, याचेच त्यांना पैसे. सामना संपला की मारामाऱ्या. एकदा त्यांच्या मुठीत कुणाचा तरी दात रुतलेला. मी सुईने काढला, तर हे हसत होते.

मग इंदापूरला सामना झाला. भवानीनगरचा दत्ता चढाईला आला आणि आप्पांनी त्याचा घोटा धरला. चढाई करणाऱ्याने एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत राहायचे असते. ओरडला की दम तुटला, बाद. पण धरलेला असतानाही मधल्या रेषेला हात टेकला, तर गुण त्याचा. दत्ताची नडगी मोडली तरी तो ओरडला नाही. तो म्हणत राहिला, म्हणून आप्पा पिरगाळत राहिले. हाड कातडीबाहेर आले... घरी येऊन त्यांनी स्वतःचा हात भिंतीवर आपटून फोडला. "त्यो म्हणत हुता गं. वरडला असता तर सोडला असता." पुन्हा खेळले नाहीत. त्या सामन्याचे पुढे काय झाले, तेही कधी बोलले नाहीत.

पुढे गावातल्या मुलींना शिकवू लागले. पहिला धडा एकच, दुखले की ओरडा, गुण गेला तर जाऊ दे. लोक म्हणत, हा संघ नव्हे, रडूबाईंचा कळप. एक दिवस दत्ताच लंगडत आला, लेक कोमलला घेऊन. आप्पा उठून आत निघाले.

"पळू नका आप्पा," तो म्हणाला. "पाय कुठं मोडतो ते तुमच्याइतकं कुणाला ठावं हाय?"

कोमल बापावर गेलेली. बारामतीच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या चढाईला, तिघींनी तिला खाली दाबले. एकीने घोटा पिरगाळला. मी कडेलाच होते. तिचा आवाज चिरकला, पण कबड्डी थांबेना. आप्पा आत घुसले. त्या मुलींना केसांना धरून ओढले, एकीचे नाक फुटले. मग त्या मुलींच्या माणसांनी आप्पांना खुर्च्यांनी मारले. सदरा रक्ताने भिजला, तरी आप्पांनी उलटा हात उचलला नाही. सामना गेला, शिकवणेही बंद झाले. कोमल त्यांना म्हणाली, "मी टेकले असते. तुमी माझा सामना मारला." पुन्हा बोलली नाही. आप्पा मला विचारत, माझं चुकलं का गं? मला खेळातले काय कळते...

दहाव्याला दत्ता एकटाच आला. चहा देताना मी धीर करून तेच विचारले, यांचं चुकलं का?

दत्ताने कप खाली ठेवला. "पोरगी आजबी म्हणती, टेकली असती. टेकलीबी असती, वहिनी." मग आखडलेला पाय दोन्ही हातांनी उचलून त्याने सरळ केला.

"मीबी टेकलो हुतो. त्यो सामना आमीच जिकला."