लेट एक्स
मेथीच्या जुडीची दोरी सोडताच जो ओला, कडसर वास येतो, त्याने मला अकरावीतला एक रविवार आठवतो. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मी इंग्रजीतल्या गणिताला इतकी घाबरले होते, की दुसऱ्या दिवशी सायन्स सोडून आर्ट्सला जायचं ठरवलं होतं. शेवटचा प्रयत्न म्हणून मोबाइलवर डेरिव्हेटिव्हचे छोटे व्हिडिओ लावले होते. ओझरच्या कारखान्यात नोकरी करणारे बाबा शेजारी मेथी निवडत होते. व्हिडिओतले सर प्रत्येक गणित ‘लेट एक्स’ म्हणून सुरू करायचे. बाबा म्हणाले, “काय गं, हा एक्स रोजच लेट? आमच्याकडे गेटवरूनच परत पाठवला असता!” मी हसतच सुटले. “बाबा, इथे लेट म्हणजे समजा.” “मग समजा म्हण की. आणि पुढं काय होतं ते मलाही सांग.” मी व्हिडिओ थांबवत मराठीत सांगत गेले आणि सांगता सांगता मलाच कळत गेलं. सोमवारी मी गणिताच्या तासाला जाऊन बसले. बाबांना त्यातलं किती कळलं, हे विचारायचं राहिलं आणि आता ते नाहीत. पण व्हिडिओ संपला की ते “अजून एक लाव” म्हणत होते, एवढं मला पुरतं.