बुर्गलची वळणं

आमच्या टिरोलच्या खोऱ्यात माणूस चेहऱ्यावरून नंतर ओळखतात, आधी स्कीवरून. वर उतारावर नुसता ठिपका दिसला की माझ्या खाणावळीबाहेरच्या बाकावरचे लोक सांगणार, हा पोस्टातला, ती शिंपीण. बुर्गलला तर आंधळ्यानंही ओळखलं असतं. ती वळत नसे, बर्फ खरवडत आडवी घसरत यायची. "आली माझी केरसुणी!" असं तिचा नवरा कासियान ओरडायचा आणि सगळे खो खो हसायचे. तीही हसायची, सगळ्यांत मोठ्यानं. कासियाननं जन्मभर परक्यांना स्की शिकवली, बायकोला मात्र "तुला काय करायचंय?" म्हणून सोडून दिलं. पुरुषांची जात!

त्यात आमची रीत अशी, की नवऱ्यानं वापरून टाकलेली स्की बायकोनं झिजवायची. कासियान ताडमाड, बुर्गल त्याच्या काखेत मावेल एवढी. त्याच्या मापाच्या लांब, ताठ फळ्यांवर ती आयुष्य रेटत आली. पडत नव्हती, एवढंच.

मग कासियान विसरू लागला. आधी किल्ल्या, मग मुलांची नावं. घरात तो बुर्गललाच कधी आई म्हणे, कधी नर्स. तेव्हा ती हट्टाला पेटली. "मी पुरती पुसली जायच्या आत एकदा त्यानं म्हणायला हवं, वा बुर्गल! बाकी मला काही नको," ती मला म्हणाली, आणि मला घेऊनच गेबहार्टच्या स्कीच्या दुकानात गेली.

"काय गं, म्हातारपणी शर्यतीत उतरतेस?" गेबहार्ट म्हणाला.

"तू स्की दाखव. तोंड नंतर वाजव."

तोंडाळ असला तरी गेबहार्ट धंद्यात पक्का. त्यानं तीन जोड्या वापरून बघायला दिल्या. पहिली शर्यतीची, इतकी कडक की बुर्गलच्या वजनानं वाकेचना. दुसरी रुंद, भुसभुशीत बर्फात तरंगणारी, पण घट्ट बर्फावर आपल्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर कलायला आळशी. तिसरी हनुवटीपर्यंत येणारी, टोकाला पसरट, पायाखाली निमुळती, जराशी लवचीक.

"हीच," गेबहार्ट म्हणाला. "हिला ढकलू नकोस. कडेवर कलती कर आणि धीर धर. वळायचं काम तिचं."

धीर धरणं बुर्गलला नवं नव्हतं. सकाळी कासियान झोपलेला असताना ती वर जायची. त्याला तिनं काही कळू दिलं नाही. दुपारी तो बाकावर बसून विचारायचा, "माझी केरसुणी कुठाय?" मी म्हणायची, "येईल हो." हिवाळा संपत आला तेव्हा तिच्यामागे बर्फावर दोनच बारीक रेघा उमटू लागल्या, कणकेवर सुरी ओढावी तशा. आवाजसुद्धा नाही.

मग एका लख्ख दुपारी तिनं मला सांगितलं, "आज त्याला बाहेर बसव." मी त्याला घोंगडीत गुंडाळून बसवलं, हातात सूप दिलं. ती वरून निघाली. काय सांगू, मी स्वयंपाकातली बाई, पण मलाही कळलं की हे काही वेगळंच आहे. कासियाननं वाडगा खाली ठेवला. त्याचे गुडघे तिच्या प्रत्येक वळणाबरोबर हलत होते.

ती आमच्यासमोर येऊन थांबली, लालबुंद, धापा टाकत. कासियान उठला आणि त्यानं टोपी काढली. "वा, बाई, वा! अशी वळणं घेणारे या खोऱ्यात फार थोडे."

बुर्गलचा चेहरा असा फुलला की मला रडू आलं. "अरे कासियान, मीच रे ती! बुर्गल!"

"हो, हो," तो अदबीनं म्हणाला, पण त्याची नजर तिच्या खांद्यावरून वर उताराकडे गेली होती. "बुर्गल यायचीय अजून. माझी बायको. तिला अशी वळणं येत नाहीत, खरवडत येते बिचारी. मी कधी नीट शिकवलंच नाही." मग त्यानं आवाज खाली आणला. "तुम्ही शिकवाल तिला? पण जपून हं. मी हसलो की तिला लागतं. दाखवत नाही ती."

बुर्गलनं खाली वाकून पायांतल्या स्की सोडल्या.

"शिकवीन," ती म्हणाली.

"मग थांबा जरा," कासियान म्हणाला, आणि सरकून त्यानं तिला बाकावर जागा करून दिली. "येईलच ती एवढ्यात."